अणुकचरा जाळणारी छोटी भट्टी आपल्या भागात आली, तर तिच्यासोबत काय काय येईल?

कापूसकाठी (वरोरा तालुका)

रामराम मंडळी. गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला. त्यात लिहिलं हाय का कोळशाची जुनी युनिटं बंद झाल्यावर त्याच जाग्यावर लहान अणुभट्टी बसन, ते तारापूरचा अणुकचरा जाळन, कचराबी संपन अन् वीजबी स्वस्त भेटन. येत्या ग्रामसभेत हा विषय निघणार हाय.

मले चार गोष्टी समजून घ्यायच्या हायेत. कचरा खरंच जळते का, अन् जळल्यावर काय उरते. पाणी किती लागते. इंधन कोठून अन् कसं येते. अन् सोडियम नावाचं जे काही त्यात भरतात त्याची आग लागते म्हणतात, ते काय हाय. आकड्यासकट सांगा जी. विरोध करायचा का पाठिंबा द्यायचा, ते आमी गावात बसून ठरवू.

---

समस्थानिक

प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तरही नेमकं देतो. आधी 'कचरा' म्हणजे काय ते तराजूवर ठेवून पाहू.

आपल्या देशातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेलं पाणी) आहेत आणि त्यांत नैसर्गिक युरेनियम जातं. तारापूरची १ आणि २ ही १९६९ ची युनिटं वेगळ्या जातीची, साध्या पाण्याची; ३ आणि ४ मात्र जड पाण्याचीच. जड पाण्याच्या भट्टीतून बाहेर आलेल्या १,००० किलो इंधनात साधारण ९८९ किलो युरेनियम जसंच्या तसं असतं. ७ किलोच्या आसपास विखंडनातून, म्हणजे अणू फुटून, झालेले तुकडे, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, टेक्नेशियम वगैरे. पावणेचार किलोच्या आसपास प्लुटोनियम. आणि नेप्चुनियम, अमेरिसियम वगैरे जड मूलद्रव्यं थोडीशी. इंधन जितकं जुनं तितकं अमेरिसियम जास्त, कारण प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) फक्त १४ वर्षं आणि ते अमेरिसियममध्ये बदलत जातं.

म्हणजे ज्याला कचरा म्हणतात त्यातला नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग अजून न जळलेला आहे. मेसेजमधली ही बाजू खरी.

तो नेहमीच्या भट्टीत पुन्हा का जळत नाही? तिथे न्यूट्रॉनचा वेग पाण्याने मुद्दाम कमी केलेला असतो. संथ न्यूट्रॉन युरेनियम-२३५ ला चांगला फोडतो, पण युरेनियम-२३८, प्लुटोनियम-२४० किंवा अमेरिसियम-२४१ वर आदळला तर बहुतेक वेळा नुसता शोषला जातो. अणू फुटत नाही, उलट आणखी जड होतो. न्यूट्रॉनचा वेग कमीच होऊ दिला नाही, तर हेच अणू फुटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून पाणी वापरता येत नाही. सोडियम, शिसं किंवा वितळलेलं मीठ वापरावं लागतं, कारण ते न्यूट्रॉनला फारसं मंदावत नाहीत. सोडियम या गोष्टीत येतं ते इथून.

युरेनियम-२३८ ची वाट वेगळी आहे. न्यूट्रॉन शोषून ते युरेनियम-२३९ होतं, साडेतेवीस मिनिटांच्या अर्धायुष्याने नेप्चुनियम-२३९ होतं आणि मग सव्वादोन-अडीच दिवसांच्या अर्धायुष्याने प्लुटोनियम-२३९. ते जळतं. तामिळनाडूतल्या कल्पक्कमची ५०० मेगावॉटची भट्टी याच तत्त्वावरची. तिच्या गाभ्यात भरणी सुरू झाली मार्च २०२४ मध्ये.

---

बॉयलरवाला

कोळशाशी तुलना करून देतो, म्हणजे सभेत लगेच कळेल.

१०० मेगावॉट वीज, वर्षातला ९० टक्के वेळ चालू. कोळशावर: युनिटमागे ७०० ग्रॅम धरला तर वर्षाला साडेपाच लाख टन कोळसा. आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशात राख ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक लाख नव्वद हजार टन राख.

वेगवान न्यूट्रॉनच्या भट्टीवर: कार्यक्षमता ४० टक्के, म्हणजे उष्णता २५० मेगावॉट. एक ग्रॅम जड मूलद्रव्य पूर्ण फुटलं की जवळपास एक मेगावॉट-दिवस उष्णता मिळते. वर्षाचा हिशेब येतो ८५ किलो.

टन नाही, किलो. राखेच्या तलावाशेजारी राहणाऱ्या माणसाला या आकड्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

---

कापूसकाठी

> वर्षाचा हिशेब येतो ८५ किलो.

मंग हे ८५ किलो कचरा कायमचा गेला, असं समजायचं का?

---

समस्थानिक

नाही भाऊ. इथेच तो मेसेज चुकतो.

८५ किलो जड मूलद्रव्य फुटलं की जवळजवळ ८५ किलोच तुकडे तयार होतात. वस्तुमान नाहीसं होत नाही, फक्त जात बदलते. फायदा काळाचा आहे. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं, अमेरिसियम-२४१ चं ४३२ वर्षं. तुकड्यांमध्ये सगळ्यात त्रासदायक सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, दोन्हींचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. दहा अर्धायुष्यं म्हणजे ३०० वर्षं, आणि तोवर ते हजाराव्या भागावर येतात. न हाताळलेलं जळालेलं इंधन खाणीतल्या युरेनियमच्या पातळीवर यायला लाखो वर्षं घेतं. जड मूलद्रव्यं नीट वेगळी करून जाळली, तर तीच गोष्ट काही शतकांत होते. 'नीट' या शब्दावर जोर आहे, कारण वेगळं करताना अर्धा टक्काही कचऱ्यात निसटला तर हा काळ पुन्हा लांबतो. टेक्नेशियम-९९ (२ लाख ११ हजार वर्षं) आणि आयोडीन-१२९ (दीड कोटी वर्षांहून जास्त) हे दोघं तरीही उरतातच. त्यांचा किरणोत्सार मंद, पण पाण्यात सहज विरघळतात, म्हणून त्यांच्यासाठी खोल जागा लागतेच.

आता दुसरा हिशेब, जो जाहिरातीत कधी नसतो. ८५ किलो फुटत असताना त्याच गाभ्यात युरेनियम-२३८ पासून नवं प्लुटोनियमही तयार होत असतं. भट्टी 'जाळणारी' म्हणून मुद्दाम आखली आणि जेवढं जळतं त्याच्या निम्मंच नवं होऊ दिलं, तर निव्वळ घट वर्षाला ४० किलोच्या आसपास. आणि २२० मेगावॉटची जड पाण्याची एक भट्टी वर्षाला साधारण ३५ टन इंधन बाहेर टाकते, त्यात प्लुटोनियम १३० किलोच्या आसपास. म्हणजे अशा एका भट्टीचं नुसतं चालू वर्षाचं प्लुटोनियम संपवायला १०० मेगावॉटच्या तीन जाळणाऱ्या भट्ट्या हव्यात. मागची साठवण वेगळीच.

म्हणून भारताने 'जाळून संपवू' अशी दिशा न धरता 'वाढवून वापरू' अशी धरली आहे. प्लुटोनियम हा कचरा मानलेला नाही, पुढच्या भट्टीचं बियाणं मानलंय.

---

ज्वारीचं_कणीस

समस्थानिक दादा, मग ही भट्टी थेट तारापूरचं जळालेलं इंधन उचलून आत भरते का? मेसेज वाचून लोकांचा समज तसाच झालाय.

---

समस्थानिक

नाही ताई. आणि माझ्या मते या सगळ्या विषयात लोकांपासून सगळ्यात जास्त लपून राहिलेली गोष्ट हीच आहे. भट्टी हा निम्माच भाग. दुसरा निम्मा म्हणजे पुनर्प्रक्रियेचा, जळालेल्या इंधनातून कामाचं वेगळं काढणारा, कारखाना, आणि अवघड तोच.

रुळलेली पद्धत ओली आहे. इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या तलावात थंड होतं. मग जाड भिंतींच्या बंद खोलीत, दुरून चालणाऱ्या यंत्राने, नळ्यांचे बोटभर तुकडे करायचे आणि उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवायचे. झिरकोनियमचं आवरण विरघळत नाही; ते वेगळं निघतं आणि तोही कचराच. मग हे आम्ल ३० टक्के ट्रायब्युटाइल फॉस्फेट मिसळलेल्या डोडेकेन नावाच्या तेलात घुसळायचं. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात जातं, तुकडे आणि अमेरिसियम आम्लात राहतात. घुसळणीच्या पुढच्या टप्प्यात प्लुटोनियम युरेनियमपासून सुटं होतं. मागे उरलेलं आम्ल आटवून बोरोसिलिकेट काचेत ९५० अंशांच्या आसपास वितळवतात आणि स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात. तारापूरला असे डबे हवेने थंड होणाऱ्या तळघरात ठेवलेले आहेत. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) पुनर्प्रक्रिया १९६४-६५ पासूनची. हे ज्ञान आपल्याकडे जुनं आणि पक्कं आहे.

यात बिघडतं काय? किरणोत्साराने ते तेल स्वतःच मोडतं आणि डायब्युटाइल फॉस्फेट तयार होतं. ते प्लुटोनियमला धरून ठेवतं, सोडत नाही. म्हणून तेल दर फेरीला सोड्याने धुवावं लागतं. आणि आम्ल आटवताना त्यात तेल राहिलं असेल, तर १३० अंशांच्या वर त्याची स्फोटक 'लाल तेल' प्रतिक्रिया होऊ शकते. तापमानाची ती मर्यादा अशा कारखान्यात कधीही ओलांडू द्यायची नसते.

कोरडी पद्धत धातूच्या इंधनासाठी. लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण ५०० अंशांवर वितळवायचं, जळालेल्या इंधनाचे तुकडे जाळीच्या टोपलीत ठेवून त्यात बुडवायचे आणि विजेचा प्रवाह द्यायचा. युरेनियम पोलादी दांड्यावर काट्याकाट्यांनी चढतं. प्लुटोनियम, अमेरिसियम, नेप्चुनियम एकत्र द्रव कॅडमियममध्ये उतरतात. तुकड्यांतले सीझियम, स्ट्रॉन्शियम मिठात राहतात. चांगली बाजू अशी, की प्लुटोनियम एकटं कधीच सुटं होत नाही. त्रास असा, की सगळं आर्गॉन वायूच्या खोलीत, ओलावा आणि ऑक्सिजन अगदी अत्यल्प ठेवून करावं लागतं. मीठ फेरीगणिक घाण होत जातं आणि ते साफ करणं किंवा पुरणं हा स्वतंत्र उद्योग आहे. शिवाय आपलं जड पाण्याच्या भट्टीचं इंधन ऑक्साइड आहे. ते आधी ६५० अंशांच्या लिथियम क्लोराइडमध्ये धातूत बदलावं लागतं. म्हणजे एक पायरी वाढली.

त्यानंतर नवं इंधन घडवायचं. अमेरिसियम गॅमा किरण सोडतं. क्युरियम-२४४ न्यूट्रॉनही सोडतं आणि स्वतः तापतं. युरेनियमच्या गोळ्या हातमोजे घालून हाताळता येतात. या हाताळता येत नाहीत. सगळी घडण दुरून, जाड काचेआडून.

एक टन प्लुटोनियम काढायला आपल्या भट्ट्यांचं २७० टन जळालेलं इंधन या सगळ्यातून न्यावं लागतं. आणि छोट्या भट्टीच्या पहिल्या भरणीलाही टनाच्या हिशेबात प्लुटोनियम लागतं.

---

बॉयलरवाला

> छोट्या भट्टीच्या पहिल्या भरणीलाही

'छोटी' या शब्दाबद्दल थोडं. लोकांना वाटतं छोटी म्हणजे धोका छोटा, कचरा छोटा. पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे, दुसरं नाही.

मोठ्या गाभ्यात सोडियम उकळून पोकळी झाली तर शक्ती वाढू शकते. लहान गाभ्यातून न्यूट्रॉन कडेने निसटतात, त्यामुळे तिथे पोकळी झाली की शक्ती घटते. अमेरिकेत आयडाहोमधल्या ईबीआर-२ या वीसेक मेगावॉटच्या भट्टीवर एप्रिल १९८६ मध्ये पूर्ण शक्तीवर असताना पंप बंद केले, भट्टी थांबवणारे नियंत्रण दांडे खाली सोडले नाहीत. भट्टी तापली, धातूचं इंधन फुगलं, न्यूट्रॉन जास्त निसटू लागले आणि ती आपोआप मंदावली. इंधनाला इजा झाली नाही. त्याच दिवशी उष्णता बाहेर नेणारा मार्ग तोडूनही तपासलं, तसंच झालं. या विषयातला माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

पण निसटणाऱ्या न्यूट्रॉनची किंमत द्यावी लागते. विखंडनाची शृंखला टिकवायला इंधन अधिक दाट लागतं. निसटलेले न्यूट्रॉन भोवतीच्या पोलादाला किरणोत्सारी करतात. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी तीन छोट्या आराखड्यांचा हिशेब मांडला. व्यवस्थापन करावा लागणारा कचरा मोठ्या भट्टीच्या तुलनेत, तेवढ्याच विजेमागे, २ ते ३० पट निघाला. त्यातला बराच भाग किरणोत्सारी झालेलं सोडियम आणि पोलाद. आकड्यांवर कंपन्यांचे आक्षेप आहेत, पण कारण भौतिकशास्त्राचं आहे, ते आक्षेपाने जात नाही.

---

सोडियमची_शिकवण

सोडियमचा प्रश्न राहिलाय, तो मी घेतो.

सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि ८८३ अंशांना उकळतं. भट्टीत ते ५०० ते ५५० अंशांवर फिरतं, म्हणजे उकळण्यापासून तीनशे अंश दूर. म्हणून दाब द्यावा लागत नाही, भांडं फुटून वाफ उसळण्याची भीती नाही. पोलादाला ते सहसा खात नाही, फक्त त्यातला ऑक्सिजन सतत काढत राहावा लागतो. 'कोल्ड ट्रॅप' नावाच्या थंड भांड्यातून थोडा प्रवाह फिरवत ठेवतात, ऑक्साइड तिथे गोठून अडकतं. हा ट्रॅप तुंबला आणि लक्ष गेलं नाही, तर बारीक मार्ग चोंदतात.

हवेत गळलं तर जळतं. ज्वाला फार उंच नसते, पांढरा दाट धूर निघतो. तो ऑक्साइडचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने कॉस्टिक सोडा होतो. डोळे आणि फुप्फुसं भाजतात. पाणी मारायचं नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. कोरडी पूड टाकून झाकायचं आणि थंड होऊ द्यायचं. म्हणून सोडियमच्या खोलीत जमिनीवर पोलादी पत्रा असतो, कारण उघड्या काँक्रीटमधलं पाणीही सोडियमशी भिडतं. तालुक्याच्या अग्निशमन गाडीत फक्त पाणी आणि फेस असतो, हे विसरू नका. प्रशिक्षित वेगळं पथक आवारात चोवीस तास हवं.

जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये काय झालं? दुय्यम नळीत (गाभ्यातून न जाणाऱ्या सोडियमच्या वर्तुळात) तापमान मोजायची एक बारीक नळी आत घुसवलेली होती. सोडियमच्या प्रवाहाने ती थरथरत राहिली आणि तिच्या पायरीदार जोडावर तुटली. साडेसहाशे किलोच्या आसपास सोडियम बाहेर आलं. किरणोत्सार सुटला नाही, कारण ते दुय्यम वर्तुळ होतं. पण एका नळीच्या आखणीपायी भट्टी पंधरा वर्षं बंद राहिली आणि २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे वाफ बनवणारा भाग. पातळ भिंतीच्या एका बाजूला सोडियम, दुसऱ्या बाजूला उच्च दाबाचं पाणी. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की पाण्याचा फवारा सोडियममध्ये जातो, हायड्रोजन होतो आणि ती गरम धार शेजारची नळी कापते. म्हणून सोडियममधला हायड्रोजन सतत मोजतात आणि किंचित वाढ दिसताच पाणी तोडतात. रशियाच्या बीएन-६०० या सोडियमच्या भट्टीने १९८० पासून अशा अनेक गळत्या सोसल्या आणि तरी ती चालू राहिली, कारण तिथे वाफेचा प्रत्येक तुकडा वेगळा तोडून दुरुस्त करता येतो. कोणी आराखडा दाखवला, तर वाफेच्या भागाला किती वेगळे तोडता येणारे भाग आहेत, हे पहिलं विचारा.

---

कापूसकाठी

लय बारीक माहिती देली, धन्यवाद जी. पण मंग आपल्या राज्यात अशी भट्टी येऊन राह्यली का नाई? कोणी थोरियम म्हणते, कोणी भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर म्हणते.

---

समस्थानिक

नावं वेगळी करून घ्या, नाहीतर सभेत गोंधळ होईल.

भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर म्हणजे २२० मेगावॉटची आपली जुनी जड पाण्याची भट्टी, नव्याने आखलेली. एनपीसीआयएल या सरकारी अणुवीज कंपनीने डिसेंबर २०२४ अखेर तिच्यासाठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० मेगावॉटची आणि ५५ मेगावॉटची अशा आणखी दोन आखतंय, त्या साध्या पाण्याच्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या, असं जाहीर झालं. महाजेनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीशी सामंजस्य करार केला तो थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी. थोरियम केरळ-ओडिशाच्या वाळूतून येतं, ते अणुकचरा नव्हे.

यांतली एकही कचरा जाळणारी नाही. पाण्याच्या सगळ्या भट्ट्या जळालेलं इंधन तयार करतात.

कचऱ्यातलं जाळण्याचं खरं काम जगात कुठे चाललंय? रशियात बीएन-८०० ही सोडियमची भट्टी पूर्ण प्लुटोनियम-युरेनियम इंधनावर चालते. सेवेर्स्कला शिशाने थंड होणारी ३०० मेगावॉटची ब्रेस्ट भट्टी बांधली जातेय आणि तिच्याच आवारात इंधन घडवण्याचा आणि पुनर्प्रक्रियेचा कारखाना आखला आहे. भट्टी आणि कारखाना एकाच कुंपणात, ही मांडणी मला पटते. अमेरिकेत ओक्लो कंपनी ईबीआर-२ च्या जुन्या इंधनातून काढलेलं युरेनियम वापरणार आहे. कॅनडात मोल्टेक्सचा आराखडा वितळलेल्या मिठाचा आहे आणि तो कँडू भट्टीच्या, म्हणजे आपल्याच जातीच्या, इंधनासाठी आखला आहे. अजून कागदावर आहे. आपल्याकडे कल्पक्कमला कोरल नावाच्या सुविधेत २००३ पासून वेगवान भट्टीच्या कार्बाइड इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याहून मोठा प्रात्यक्षिक कारखाना देशाला अर्पण झाला. ही शिडी चढायला वेळ लागतोच आणि ती घाईने चढू नये.

डिसेंबर २०२५ च्या शांती या अणुऊर्जा कायद्याने खासगी कंपन्यांना भट्टी बांधायची वाट उघडली, पण जळालेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच ठेवली. म्हणून कंपनीचा माणूस 'आम्ही कचरा खाऊ' म्हणाला, तर पुनर्प्रक्रिया केलेलं इंधन त्याला कोण देणार, कोणत्या करारावर, ते कागदावर मागा.

---

पाणलोट

पाण्यावर अजून कोणी आलं नाही. विदर्भात प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो.

२२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीची उष्णता साडेसातशे मेगावॉट. वीज वजा करता ५३० मेगावॉटहून जास्त उष्णता फेकावी लागते. कूलिंग टॉवरमधून दिवसाला दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावं लागतं ते धरून दोन कोटी लिटर. शेताच्या भाषेत: एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. म्हणजे रोज शंभर एकरांची एक पाळी.

१०० मेगावॉटच्या सोडियमच्या भट्टीला ५० ते ५५ लाख लिटर. मेगावॉटमागे पाहिलं तर सोडियमची भट्टी कोळशाच्या आसपासच पिते, जड पाण्याची जास्त पिते. कारण वाफ किती गरम बनते त्यावर कार्यक्षमता ठरते.

हवेने थंड करणारा कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारा भाग) लावला तर पाणी जवळपास वाचतं. पण चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४६-४७ अंशांत त्याची वीज घटते, आणि नेमकी तेव्हाच मागणी सगळ्यात जास्त असते.

२०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने चंद्रपूरचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाचं केंद्र बंद केलं की आग विझते. अणुभट्टी बंद केल्यावरही तासाभराने दीड टक्का आणि दिवसानंतर अर्धा टक्का उष्णता निघतच राहते. २५० मेगावॉट उष्णतेच्या भट्टीत चोवीस तासांनी सव्वा मेगावॉट. सोडियमच्या भट्टीत ही उष्णता हवेने नेता येते. कल्पक्कमला त्यासाठी ८ मेगावॉटच्या चार सोडियम-हवा जोडण्या आहेत, पाणी लागत नाही. पाण्याच्या भट्टीला मात्र धरण आटलं तरी राखीव साठा हवाच.

---

बॉयलरवाला

पाण्याला जोडून जमीन. जुन्या कोळसा केंद्राची जागा 'तयार आहे' म्हणतात. टर्बाइन हॉल, स्विचयार्ड, ४०० केव्हीच्या लाइन खरंच कामाला येतात. पण वर्धा खोऱ्यात घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा पट्ट्यात जमिनीखाली जुन्या कोळसाखाणी पोकळ आहेत, आणि जमीन खचण्याची शक्यता हा जागा नाकारण्याचा निकष आहे. वरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते. ती उपसून खडकापर्यंत जावं लागतं. शिवाय एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) संहितेनुसार भट्टीभोवती किमान एक किलोमीटरचा निवासबंदी पट्टा असतो. कोळसा केंद्राच्या कुंपणाला लागून वस्ती असेल, तर ती 'तयार जागा' नव्हे.

---

ज्वारीचं_कणीस

मातीबद्दल मी भर घालते. सीझियम झाडाला पोटॅशसारखं दिसतं, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, त्यामुळे स्ट्रॉन्शियम पिकात कमी चढतं. सीझियम चिकणमातीत धरलं जातं, पण आपली माती माँटमोरिलोनाइट या चिकण खनिजाची आहे. ती इलाइट या दुसऱ्या चिकण खनिजाइतकं घट्ट धरत नाही. जपानच्या फुकुशिमा अणुअपघातानंतर भातशेतीत पोटॅश वाढवून सीझियमचं शोषण कमी केलं, तो उपाय कापूस-सोयाबीनलाही लागू पडतो.

याचा उपयोग व्हायचा तर आधीची नोंद हवी. भट्टी बांधण्यापूर्वी निदान दोन-तीन हंगाम माती, विहिरीचं पाणी, दूध, तूर, सोयाबीन यांचे नमुने घेऊन सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९०, ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मोजायचं. जुन्या अणुचाचण्यांचं थोडं सीझियम मातीत आधीपासूनच आहे. पहिली नोंद नसेल तर नंतर सापडलेलं कुणाचं, हे सांगताच येत नाही. प्रत्येक अणुकेंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. तिचे अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर मागावेत. राखेमुळे आताच पाण्यात काय आहे तेही त्याच वेळी मोजून घ्या.

---

समस्थानिक

वाहतुकीचं राहिलं होतं. ताजं युरेनियम इंधन ट्रकने साध्या पेट्यांत येतं, त्याचा किरणोत्सार अगदी कमी. प्लुटोनियम-अमेरिसियमचं ताजं इंधन मात्र येतानाच जाड पिंपात येतं. ही पिंपं मंजूर होण्यासाठी ९ मीटरवरून न दबणाऱ्या जमिनीवर पाडतात, एक मीटरवरून पोलादी खुंट्यावर पाडतात, ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात आणि पाण्यात बुडवतात. पिंप टिकतं. कमी पडतो तो रस्ता. भरलेलं पिंप आणि ट्रेलर मिळून कित्येक दहा टनांचं वजन, आणि आपल्या नाल्यांवरचे पूल त्यासाठी बांधलेले नाहीत. मार्गावरच्या प्रत्येक पुलाची भारक्षमता मागून घ्या.

---

कापूसकाठी

समदं वाचलं. ग्रामसभेच्या अर्जात हे लिहून राह्यलो, पाहा बरं बरोबर हाय का:

"प्रस्तावित भट्टी पाण्याची आहे की सोडियमची, आणि तिला पहिल्या भरणीचं इंधन कोण देणार? रोज किती लिटर पाणी, कोणत्या धरणातून, आणि धरण आटल्यास कोणत्या राखीव साठ्यातून? जागेखाली जुनी खाण आहे का, याचा भूगर्भ अहवाल. बांधकामापूर्वीच्या तीन हंगामांचे माती-पाणी-दूध नमुने. वाहतूक मार्गावरच्या पुलांची भारक्षमता. कचरा कोठे नेणार?"

---

समस्थानिक

शेवटचा प्रश्न बदला. 'कचरा कुठे नेणार' ला 'तारापूरला' एवढं उत्तर देऊन मोकळं होता येतं. असं लिहा: "जळालेलं इंधन आवारातल्या तलावात किती वर्षं राहणार, त्या तलावाची क्षमता किती वर्षांच्या इंधनाची, आणि तो भरल्यावर इंधन उचलण्याचा करार कोणाशी, कोणत्या तारखेचा?"

---

पाणलोट

आणि पाण्याच्या प्रश्नात 'मे महिन्यातल्या मृत साठ्याच्या पातळीला' हे शब्द घाला. वर्षाची सरासरी देऊन भागवतात.

---

कापूसकाठी

दोन्ही बदललं. उद्या ग्रामसेवकाकडं देतो अन् पोच घेतो. उत्तर आलं का येथीच टाकतो.